पर्यायी व्यवस्था

६ जानेवारी

प्रिय खाला,

सलाम. फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही मनाने भरता, म्हणून लिहायला बसले. तुम्ही मात्र शांतपणे वाचा. मी शांतपणे लिहीत नाहीये.

काल घरी एक जाड कागदाचं पत्र आलं, चारही बाजूंनी सोनेरी किनार. आपली समिती दरवर्षी समाजातल्या तरुणांना आणि स्वयंसेवकांना 'सेवा-सन्मान' देते, तो यंदा आमच्या खुर्ची-पथकाला जाहीर झाला आहे. मार्चमध्ये शाळेच्या हॉलमध्ये समारंभ. ढाल, शाल, फोटो. अम्मीने ते पत्र तीनदा वाचून घेतलं आणि शेजारच्या दोन घरांत दाखवून आली.

खाला, तुम्ही ऑक्टोबरात आलात तेव्हा सगळं डोळ्यांनी पाहिलंत. सरकारी दवाखान्याची लिफ्ट बंद, आणि डायलिसिसचा कक्ष तिसऱ्या मजल्यावर. अकरा पेशंट असे, की ज्यांना चढता येत नाही. बासष्ट पायऱ्या. लिफ्ट बंद पडून आता चौदा महिने झाले. तुमच्या लाडक्या भाच्याने, म्हणजे माझ्या धाकट्या भावाने, आमच्या छप्पन्न किलोच्या पैलवानाने, वेल्डिंगच्या दुकानात एका जुन्या खुर्चीला चार दांडे जोडले, आणि तेव्हापासून आम्ही नऊ जण पाळ्या लावून माणसं वर नेतो आणि खाली आणतो. नऊपैकी दोघं आपल्या समाजाचे नाहीत, पण त्यांचेही खांदे तेवढेच दुखतात.

आता ऐका. मागच्या महिन्यात मी स्वतः समितीचे अध्यक्ष, आपले वखारवाले चाचा, यांच्याकडे गेले होते. म्हटलं, "चाचा, तुमची वरपर्यंत ओळख आहे. लिफ्टचं बघा." चाचांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. म्हणाले, "बेटी, तुमचं काम लोकांपुढे आलं पाहिजे. मी बघतो."

त्यांनी हे बघितलं. लिफ्ट मागितली, ढाल आली.

बरं, आमच्या नावाची शिफारस केली कोणी? आम्ही तर अर्ज केला नव्हता. पैलवानाला विचारलं तर म्हणतो, "मला काय माहीत," आणि जेवणाचं ताट उचलून आत गेला. तुम्हाला काही कल्पना?

तुमची,
भिंगरी

*

१४ जानेवारी

माझ्या भिंगरीस खूप खूप दुवा,

पत्र वाचून इतका आनंद झाला, की चष्मा पुसून परत वाचलं. तू रागाने लिहिलंस, मी आनंदाने वाचलं, हिशेब फिटला.

अगं, मान मिळतो आहे तर घ्यावा. तेहेतीस वर्षं मी वॉर्डात काढली. निवृत्तीच्या दिवशी मला काय मिळालं? भिंतीवरचं घड्याळ, तेही मेट्रनचं नाव घालून, कारण तिचा समारंभ त्याच दिवशी होता. आपल्या पोरांची नावं लोकांच्या तोंडी येतात ती कधी, तर काही बिनसलं की. एकदा चांगल्या कामासाठी येऊ देत ना. त्यात तुझं काय जातं?

शिफारस कोणी केली हा प्रश्न सोड. आंबे खा, झाडं कशाला मोजतेस?

आणि खुर्चीला छातीवरचा पट्टा लावला का? मी ऑक्टोबरात सांगून आले होते. नुसता कमरेचा पट्टा पुरत नाही. डायलिसिस झाल्यावर माणसाचा रक्तदाब उतरतो, जिन्याच्या वळणावर मान टाकली तर पुढे कोसळेल. उतरताना पेशंटचं तोंड वरच्या बाजूला हवं. पैलवानाला सांग, खालच्या दांड्याला एकदा तू, एकदा तो उंच मुलगा असा आलटून-पालटून क्रम ठेव, एकाच खांद्यावर रोज भार नको.

टायपिंगच्या क्लासच्या बाई कशा आहेत? मला त्या फार आवडल्या. एवढ्या आजारात खुर्चीत बसून तुझ्या अर्जातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढत होत्या.

तुझी खाला

*

२७ जानेवारी

प्रिय खाला,

सलाम. पट्टा लावला. आता माझं ऐका, आणि या वेळी हसू नका.

सोमवारी प्रयोगशाळेतून अर्ध्या दिवसाची सुटी घेतली आणि लिफ्टचा पाचवा अर्ज घेऊन अधीक्षकांच्या ऑफिसात गेले. साहेब 'मीटिंगमध्ये' होते, म्हणजे दाराच्या फटीतून चहा पिताना दिसत होते. बाहेरच्या कारकुनाची आई आमच्या अकरा जणांपैकी एक. तो इकडेतिकडे बघून म्हणाला, "ताई, अर्जांनी काही व्हायचं नाही. हे बघा." आणि फाईल माझ्याकडे फिरवून स्वतः पाणी प्यायला निघून गेला.

त्यात साहेबांच्या हातचं लिहिलं आहे. मी पाठ केलं आहे, तुम्हीही ऐका: "लिफ्ट दुरुस्तीचा प्रस्ताव तूर्त स्थगित. रुग्णांची ने-आण करण्यासाठी पर्यायी व्यवस्था उपलब्ध आहे. सेवा-सन्मानाच्या शिफारसपत्रात नमूद केल्याप्रमाणे, 'या मुलांनी लिफ्टची उणीव एक दिवसही भासू दिलेली नाही आणि एकाही रुग्णाची पाळी चुकलेली नाही.'"

समितीने सन्मान जाहीर करण्याआधी खातरजमेसाठी आमची शिफारस दवाखान्याकडे पाठवली होती म्हणे. साहेबांनी त्यातलं हवं ते वाक्य उचललं आणि फाईल बंद करून टाकली.

खाला, चौदा महिने आम्ही समजत होतो की लिफ्ट येईपर्यंत आम्ही आहोत. खरं म्हणजे आम्ही आहोत म्हणून लिफ्ट येत नाहीये. आमचेच खांदे त्या फाईलवर दगडासारखे ठेवलेत.

संध्याकाळी सगळ्यांना सांगितलं. उंच म्हणाला, "उद्यापासून बंद. बघू कोण वर नेतं." पैलवान भडकला. "आणि बाईंचं काय? त्या मरतील साहेबांची जिरवायला?" दोघं हातघाईवर आले. मी मध्ये पडले, तर दोघं मिळून माझ्यावर.

आणि ते वाक्य लिहिणारा कोण शहाणा आहे? लिफ्टची उणीव भासू दिली नाही! कोणाला भासली नाही? बाईंना विचारलंत? चार जणांच्या हातात स्वतःचा जीव देऊन जिन्याच्या वळणावर डोळे मिटून बसतात त्या, दर खेपेला. तो लेखक सापडला तर त्याला बासष्ट पायऱ्या खुर्चीतून उतरवणार आहे, पट्ट्याशिवाय.

भिंगरी

*

४ फेब्रुवारी

भिंगरी,

ताकाला जाऊन भांडं लपवायचं माझं वय नाही. ते वाक्य माझं आहे.

शिफारस मी केली. ऑक्टोबरात परत आल्यावर लिहिली, चार पानं. सगळं लिहिलं होतं गं, लिफ्ट अकरा महिने बंद हेही लिहिलं होतं. पण त्यांनी उचललं ते एवढंच. आणि त्यांना तरी किती दोष देऊ? वाक्य सुंदर झालं म्हणून मीच ते दोनदा वाचून खूश झाले होते. नर्स म्हणून मला कळायला हवं होतं. वॉर्डात माणसं कमी असली आणि आम्ही दोन दोन पाळ्या करून निभावून नेलं, की वरचे म्हणायचे, "चाललंय की व्यवस्थित." माणसं कधीच वाढवायचे नाहीत. ज्या गोष्टीवर मी आयुष्यभर चरफडले, तीच तुझ्यावर आणली.

माफी मागते. तू रागावलीस तर तो तुझा हक्क आहे.

आता कामाचं. उंच मुलगा म्हणतो तसं अचानक बंद करू नका. या आजारात कुणाला एक दिवस निभतो, कुणाच्या फुप्फुसात तेवढ्यात पाणी भरतं. कोणाला किती निभतो हे डॉक्टर सांगतील, तुम्ही नव्हे. पण लेखी नोटीस द्या. आम्ही दवाखान्याची व्यवस्था नाही, आम्ही शेजारी आहोत. अमुक तारखेपासून रुग्णांना वर नेण्याची जबाबदारी दवाखान्याने घ्यावी. पंधरा दिवस द्या. पोच घ्या, शिक्क्यासकट. त्या दिवशी सगळे हजर राहा आणि डॉक्टरांना आधी सांगून ठेवा. पेशंटची पाळी चुकता कामा नये.

मीही अधीक्षकांना पत्र पाठवलं आहे, की माझं वाक्य मी मागे घेते. उणीव अकरा माणसांना रोज भासते. पोचपावती आली की तुला पाठवते.

तुझी खाला

*

२० फेब्रुवारी

भिंगरी,

पंधरा दिवस झाले, तुझं पत्र नाही. अम्मीला फोन केला, तर ती म्हणाली, "ती कुणाशीच बोलत नाही, बाईंकडे बसून टाईप करत असते." मला तेवढंच ऐकू आलं की पुढेही काही म्हणाली, देव जाणे.

एक ओळ लिही. शिव्या असल्या तरी चालतील.

खाला

*

३ मार्च

प्रिय खाला,

सलाम. रागावले होते. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार काय? म्हणून लिहिलं नाही. आता लिहावंच लागतंय.

नोटीस दिली. बाईंनी स्वतः टाईप केली. बोटं सुजलेली, एकेक अक्षर दाबताना ओठ चावत होत्या, पण मला हात लावू दिला नाही. "चाळीस वर्षं मुलींना शिकवलं, एका नोटिशीला घाबरू?" अकराही पेशंटनी सह्या केल्या. कारकुनाने दणकन शिक्का मारला. साहेबांनी मला आत बोलावून चहा विचारला. म्हणाले, "तुम्ही सेवाभावी मुलं. सन्मान मिळतोय तुम्हाला. अशी अडवणूक शोभते का?" मी म्हटलं, "साहेब, सेवा आमची आहे, लिफ्ट तुमची आहे." 

समाजातही बोलणी खाल्ली. वखारवाले चाचा घरी येऊन अम्मीसमोर म्हणाले, "ऐन सन्मानाच्या तोंडावर पोरांनी तमाशा मांडलाय. लोक म्हणतील, यांना डोक्यावर घेतलं तर हे असं." म्हणजे खाला, आपण चांगले आहोत एवढं सिद्ध करायला आपण कायम गप्पच बसायचं का?

पंधरा दिवसांत काही झालं नाही. गुरुवारी मुदत संपली. आम्ही सगळे सकाळी सातला खालच्या जिन्यापाशी उभे, हाताची घडी घालून. बाईंची पहिली पाळी. वॉर्डबॉय म्हणाले, आमचं काम नाही. शेवटी साहेबांनी दाराशी असलेले चार पहारेकरी बोलावले. मी पट्टे कसे बांधायचे ते सांगायला पुढे झाले, तर एकजण म्हणाला, "आम्हाला शिकवू नका." छातीचा पट्टा लावलाच नाही. साहेब स्वतः मागून, बाईंची पिशवी घेऊन.

पहिला मजला गाठेपर्यंत चौघं धापा टाकायला लागले. दुसऱ्या वळणावर मागच्याचा पाय पायरीवरून सटकला आणि खुर्ची मागे कलली. मी किंचाळले. पैलवान कधी धावला ते मला दिसलंसुद्धा नाही. 'नुसता बघायला' म्हणून चार पायऱ्या मागून चालला होता. त्याने खुर्चीच्या पाठीखाली खांदा घातला. बाई, खुर्ची, वरची दोन माणसं, सगळा भार एका खांद्यावर. काहीतरी तुटल्याचा आवाज झाला. मला वाटलं दांडा. दांडा नव्हता.

बाईंना ओरखडाही आला नाही. पैलवानाच्या खांद्याचा स्नायू फाटलाय. सहा आठवडे हात गळ्यात, वेल्डिंग बंद. डॉक्टर म्हणाले, आधीपासूनच दुखावलेला होता. आम्हाला बोलला नाही.

बाई वळणावर बसून राहिल्या, पांढऱ्याफटक. साहेब पिशवी घेऊन शेजारी उभे, "बाई, बाई, पाणी देऊ का?" बाई म्हणाल्या, "पाणी मला मोजून मिळतं, साहेब. मला सेवाही नको. मला आपल्या हाताने बटण दाबून वर जायचंय." 

मग काय, उरलेल्या पायऱ्या आम्हीच त्यांना वर नेलं. आमची नोटीस अर्धा तास टिकली.

सोमवारपासून दोन मशीन तळमजल्यावरच्या जुन्या गोदामात बसवताहेत. आठ दिवसांचं काम, म्हणे कुणाची मंजुरी लागत नव्हती. सोळा महिने लागत नव्हती! खांदा तुटायची वाट बघत होते.

समारंभाला मी जाणार नाही. सगळ्यांना सांगितलंय, कुणीच जायचं नाही. पैलवान भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. दुखत असेल.

भिंगरी

*

१० मार्च

माझ्या भिंगरीस दुवा,

खांद्याचे फोटो पाहिले, डॉक्टर शहाणा दिसतो. हात हलवू देऊ नकोस, बोटं मात्र दिवसातून चारदा उघडझाप करायला लाव.

एक गोष्ट मी अजून लपवली होती, कारण मी वचन दिलं होतं. आज ते मोडते. तो भिंतीकडे तोंड करून पडतो तो दुखतंय म्हणून नव्हे.

शिफारस करायला मला पैलवानाने सांगितलं. ऑक्टोबरात मला गाडीत बसवून देताना म्हणाला, "खाला, तुम्ही आमच्याबद्दल लिहाल का समितीला? ताईला सांगू नका, ती हसेल."

दोन वर्षांपूर्वीचं आठव. दुकानातलं सामान चोरीला गेलं आणि त्याला रात्रीच उचलून दुसरा दिवसभर चौकीत बसवलं. खरा चोर संध्याकाळी सापडला. पण सकाळीच पेपरात नाव छापून आलं होतं. सुटल्याची बातमी छापायला त्यांच्याकडे जागा नव्हती. तू त्या वेळी चार जागी जाऊन भांडलीस, तुझा राग तिथे मोकळा झाला. तो भांडला नाही. त्याचा तसाच राहिला. मला म्हणाला, "अम्मी त्या गल्लीतून अजून मान खाली घालून जाते. एकदा माइकवर माझं नाव घेऊ दे, आणि ती समोर खुर्चीवर बसलेली असू दे."

तू म्हणतेस, आपण चांगले आहोत हे का सिद्ध करायचं? बरोबर आहे तुझं, अगदी बरोबर. मी वाद घालत नाही. पण ज्याचं नाव मळलंय त्याला ते धुवायला पाणी हवं असतं, आणि ते पाणी कुणाच्या विहिरीचं हे तो विचारत नाही.

त्याला जाऊ दे. तू गेली नाहीस तरी चालेल. पण 'कुणीच जायचं नाही' हे मागे घे.

तुझी खाला

*

२४ मार्च

प्रिय खाला,

सलाम. तुमचं पत्र वाचून मी गच्चीवर जाऊन बसले. त्याच्याच घरात, त्याच्याच भिंतीपलीकडे झोपते आणि मला कळलं नाही. मी त्याला काही बोलले नाही. फक्त त्याचा पांढरा सदरा इस्त्री करून खुंटीला लावला. त्याने तो बघितला, माझ्याकडे बघितलं, म्हणाला, "खालांच्या पोटात काही राहत नाही."

मी गेले. सगळेच गेलो. अम्मी पहिल्या रांगेत, दोन्ही शेजारणींना घेऊन. आणि प्रमुख पाहुणे कोण? अधीक्षक साहेब! मी उठून चालले होते, उंचाने ओढणी धरून बसवलं.

वखारवाल्या चाचांचं भाषण लांबलं. "आपल्या तरुणांनी दाखवून दिलंय" हे मी सात वेळा मोजलं. मग नावं घेतली. पैलवानाचं पूर्ण नाव, अब्बांच्या नावासकट, माइकवर. हॉल मोठा आहे, आवाज घुमला. अम्मीने मान वर केली, खाला. काही रडली वगैरे नाही. पदर सारखा केला आणि सरळ समोर बघितलं, जशी पूर्वी बघायची.

त्याने डाव्या हाताने ढाल घेतली. साहेबांनी फोटोसाठी उजवा हात पुढे केला, तर याचा उजवा गळ्यात. जरा गोंधळ झाला. मग चाचांनी माइक पुढे केला, दोन शब्द बोल म्हणून. तो कधी बोलत नाही, तुम्हाला माहीत आहे. म्हणाला, "अम्मी, ऐकू आलं ना?" लोक हसले. मग म्हणाला, "मी वेल्डिंग करतो. मोडलेलं जोडतो. लिफ्ट मला जोडता येत नाही, नाहीतर केव्हाच जोडली असती. ज्यांना येते ते इथेच बसलेत." आणि खाली उतरला.

टाळ्या आधी चारदोन, मग पुष्कळ. मीही वाजवल्या. साहेबांनीही वाजवल्या, काय करतील? चाचा नंतर मला म्हणाले, "आज तो विषय नको होता, बेटी." मी म्हटलं, "चाचा, आजच होता." त्यांनी मान हलवली, पण रागावले नाहीत. जाताना विचारलं, "त्या लिफ्टवाल्या साहेबांच्या वर कोण असतो?" पाहू, विचारतात की विसरतात.

माझा राग गेला असं समजू नका. आठ पेशंट आता तळमजल्यावर, स्वतःच्या पायाने जातात. बाई त्यात नाहीत. तिघांचं मशीन संसर्गाच्या भीतीने वेगळं ठेवावं लागतं, ते वरच आहे, आणि बाई त्या तिघांतल्या. लिफ्टच्या दारावर 'दुरुस्ती सुरू आहे' अशी पाटी लागलीय. दुरुस्ती करणारं माणूस अजून कुणी पाहिलेलं नाही. पैलवानाचा दांडा आता मी धरते. पहिल्या दिवशी बाई म्हणाल्या, "तू नको, तू मला पाडशील," आणि तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर म्हणाल्या, "वळणावर जरा घाई करतेस."

काल त्यांनी दुसरी नोटीस टाईप केली. या वेळी मुदत सात दिवसांची आणि प्रत अधीक्षकांच्या वरच्याला. सगळ्यात आधी पैलवानाने सही केली, डाव्या हाताने, कोंबडीचे पाय. मग सहीखाली सावकाश, एकेक अक्षर जुळवत लिहिलं: 'सेवा-सन्मानप्राप्त.'

बाईंनी चष्मा वर करून वाचलं. म्हणाल्या, "शुद्ध आहे. राहू दे."

तुमची,
भिंगरी